कर्ता राहून गेलेला शाप

ज्या काळी शब्द आणि अर्थ एकाच घरात नांदत होते, उच्चारलेले वचन रिकाम्या हाताने परत येत नव्हते आणि म्हणूनच शहाणी माणसे मोजके बोलत होती, त्या कृतयुगाच्या उत्तरार्धात सह्याद्रीच्या एका विस्तीर्ण कातळपठारावर धातुश्रवा नावाच्या ऋषींचा आश्रम होता. पश्चिमेला सरळ तुटलेला कडा, कड्याखाली ढग. पूर्वेला करवंदीच्या जाळ्यांमधून उतरत जाणारी एक अरुंद वाट. माती म्हणाल तर कातळाच्या खळग्यांत साठलेली, ओंजळ-दोन ओंजळी. आश्रम म्हटल्यावर डोळ्यांपुढे उभे राहतात ते वटवृक्ष, ती कमळांनी भरलेली सरोवरे, ते निर्भय हरणांचे कळप, यांतले तेथे काहीही नव्हते, आणि धातुश्रवा मुनींना या गोष्टीची मनातून लाज वाटत असे.

मुनी महावैयाकरण होते. भाषेतील यच्चयावत धातू गोळा करावेत, प्रत्येकाचा अर्थ निश्चित करावा आणि प्रत्येक धातूमागे अग्नीत एक आहुती द्यावी, असे बारा वर्षांचे सत्र त्यांनी आरंभले होते. विद्या एवढी, पण मन मोठे शंकेखोर. आहुती दिल्यावर स्वर चुकला की काय असे वाटून ते तीच आहुती पुन्हा देत, आणि दुसरी दिल्यावर पहिलीच बरोबर होती असे वाटून चिडत. इतर ऋषी दुसऱ्यांवर रागावत. हे आधी स्वतःवर रागावत आणि मग तो राग वाटेत जो कोणी येईल त्याच्या अंगावर जाई. समिधा घेऊन आलेले शिष्य मोळी उतरवण्याआधी गुरुपत्नीच्या तोंडाकडे पाहत, आणि तिने मान डोलावली तरच आत येत.

ती गुरुपत्नी, अमोघा, तेवढी त्यांच्या रागाला भीत नव्हती. तिला भीती होती ती वेगळीच. संकोच नावाचा रोग तिला जडला होता. हातांची बोटे वाळत्या पानासारखी आत वळत चालली होती. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचे बोट. मूठ पुरती मिटली की रोग मनगटातून वर चढेल आणि एक दिवस हृदयही तसेच मिटेल, हे दोघांना ठाऊक होते. सत्राच्या पहिल्याच वर्षी मुनींनी देववैद्य अश्विनीकुमारांना आळवले, तेव्हा पहाटेच्या उजेडातून उत्तर आले होते:

"सत्र सोडू नकोस. बाराव्या वर्षी भाद्रपदी पौर्णिमेच्या पहाटे आम्ही येऊ आणि तिची मूठ उघडू. आम्हांला सोम नको, सुवर्ण नको. तुझ्या स्वतःच्या भूमीवरील फुलांचा, त्याच ऋतूत माश्यांनी जमवलेला मध एक पळीभर दे. तो नसेल तर तुझ्या दारी आम्हांला उतरता येणार नाही."

पळीभर मध ही काही अवघड गोष्ट नव्हती. कड्याच्या कपारींत आग्या माश्यांची मोहोळे एकाशेजारी एक लोंबत होती, आणि पावसाळ्यात त्या साऱ्या माश्या पठारावर उतरत. कारण ते उघडेबोडके पठार दर वर्षी दोन महिने फुलांनी झाकून जाई. आज आपण ज्याला तेरडा म्हणतो तेच ते झाड. रसाने फुगलेले लालसर खोड, करवतीसारख्या कडांची पाने, जांभळट गुलाबी फूल आणि त्या फुलाच्या मागे एक वाकडी शेपटी. मधाचा थेंब त्या शेपटीत. पाऊस संपला की झाडही संपे. त्या युगात मात्र या झाडात एक उणेपण होते. त्याचे बोंड उघडत नसे. चामड्यासारखी त्याची साल मिटलेली राही आणि आतले बी आतच कुजून जाई. अमोघा दर शरदात पठारावर फिरून ती बोंडे नखाने सोली आणि बी मूठमूठ उधळून देई. खणणे नाही, शिंपणे नाही, आळे नाही, कुंपण नाही. टाकायचे आणि विसरायचे, एवढीच तिची लागवड होती.

सत्राच्या दहाव्या वर्षी, आषाढाच्या आरंभी, चारुगंध नावाचा गंधर्व आश्रमात आला. इंद्राच्या नंदनवनाची देखरेख त्याच्याकडे होती. त्याच्या केसांतून सुगंध गळत होता, आणि बोलताना तो समोरच्या माणसाकडे न पाहता त्याच्या अंगणाकडे पाहत होता. मुनींनी दिलेले आसन त्याने उत्तरीयाने झटकून घेतले. अश्विनीकुमार येथे यायचे आहेत हे ऐकून त्याला फार नवल वाटले. देवांना बसायला येथे एखादा फुललेला वृक्षही असू नये, याबद्दल त्याने इतक्या मऊपणे खेद व्यक्त केला की मुनींचे कान तापले. मग त्याने नंदनवनातील शंभर रोपे देऊ केली. त्यांची फुले कोमेजत नाहीत, झडत नाहीत, बारा महिने तशीच राहतात. आणि त्यांना दुसरी सोबत खपत नाही, तेव्हा पठारावरील हे सारे तण आधी उपटून टाकावे लागेल, असे तो म्हणाला.

मुनींनी होकार दिला. शंका यायला हवी होती तेथे त्यांना शंका आली नाही. जन्मभर नको तेथे शंका घेणाऱ्यांचे असे होते. बारा वर्षांच्या सत्राची सांगता अशा बोडक्या कातळावर व्हावी, ही लाज त्यांना इतकी वर्षे टोचत होती आणि चारुगंधाने नेमके त्याच जागी बोट ठेवले होते.

अमोघेने विरोध केला. माश्या कोठे जातील, हे तिने विचारले. माश्या फुलांवर येतात आणि फुले तर आता शंभरपट होतील, असे मुनींनी उत्तर दिले. तिने पुन्हा विचारले तेव्हा ते ओरडले की रानातल्या तणासाठी देवांचा अपमान करायचा काय.

"तण या शब्दाचा अर्थ तुमच्या संग्रहात काय लिहिला आहे?" अमोघेने शांतपणे विचारले. "जे आपण लावले नाही ते तण, असाच ना? मग वैयाकरण, या आश्रमात तुम्हांलाही कोणी लावले नव्हते."

मुनी पाय आपटीत यज्ञशाळेत गेले. शिष्यांनी आठ दिवसांत पठार खरवडून काढले. जेथे जेथे कोवळा अंकुर दिसला तेथे तेथे खुरपे फिरले. अमोघेने झोपडीच्या मागे, अंघोळीचे पाणी वाहून जाते त्या चरीच्या काठावर, तेवढी वितभर जागा राखली आणि शिष्यांना सांगितले की येथे खुरपे लावणाऱ्याला दुपारचे जेवण मिळणार नाही.

अकराव्या वर्षी नंदनवनाची झाडे फुलली. पठार सोन्याचे झाले. फुले उमलली ती उमललेलीच राहिली. ना पाकळी गळली, ना फळ धरले. माश्या आल्या, त्या फुलांवर बसल्या, चालत एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेल्या, आणि उठून गेल्या. ज्या फुलाला मरायचे नाही त्याला बी धरायचे नाही, ज्याला बी धरायचे नाही त्याला कोणाला बोलवायचे नाही, आणि ज्याला कोणाला बोलवायचे नाही ते मध कशाला करील. एवढी साधी गोष्ट सगळ्या धातूंचे अर्थ ठाऊक असलेल्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती.

ती ध्यानात आली आश्विनातल्या एका सकाळी, आणि तीही कानांनी. मुनी पाठाला बसले आणि त्यांचा स्वर लागेना. तीन वेळा आरंभ केला, तीन वेळा स्वर घसरला. स्वतःवर दातओठ खात ते चौथ्यांदा थांबले आणि तेव्हा त्यांना कळले की आधारस्वरच नाहीसा झाला आहे. कड्याकडून अखंड येणारी ती घनगंभीर गुणगुण, जिच्यावर ते अकरा वर्षे नकळत आपला षड्ज टेकवीत आले होते, ती थांबली होती. ते उठून धावत कड्यावर गेले आणि पालथे पडून खाली डोकावले. कपारींतून मोहोळे लोंबत होती ती फाटक्या वस्त्रांसारखी, रिकामी. वाऱ्याने त्यांतले एक हलत होते.

अंतिम पौर्णिमेला अकरा महिने उरले होते. अमोघेची आता दोन बोटे आणि अंगठा तेवढा मोकळा होता.

परत येताना मुनींच्या मस्तकात जो अग्नी पेटला तसा त्यांच्या कुंडातही कधी पेटला नव्हता. गंधर्वाने फसवले, हा राग होता. शिष्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही, हा राग होता. आणि या सगळ्यांच्या तळाशी निखाऱ्यासारखा तो जुना राग होता: तिने सांगितले होते, तुला कळायला हवे होते, तुला काहीच कळत नाही. पावले झोपडीकडे वळली तेव्हा मागच्या बाजूने अमोघेचा आवाज आला. असा आवाज त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

चारुगंध आपली बाग पाहायला आला होता आणि त्याला चरीच्या काठचे ते राखलेले तेरडे सापडले होते. फुले सरून बोंडे धरली होती. पठारावर तेवढेच बी उरले होते. त्याने मुळासकट चार-पाच झाडे उपटून मुठीत धरली होती आणि पुढच्यांकडे हात घालीत होता. अमोघा त्याच्या मनगटाला लोंबकळत होती, पण दोन बोटांनी ती काय धरणार.

"ऋषिपत्नी, या फुलाला वासदेखील नाही," तो हसत म्हणत होता.

"तुला आहे, म्हणून माश्या तुझ्याकडे येतात काय?" ती म्हणाली. "सोड ते."

चारुगंधाने मुनींना पाहिले आणि आदबीने मान लववली. आपल्या रोपांजवळ घाण वाढू द्यायची नाही असे ठरले होते, याची त्याने त्यांना आठवण करून दिली. शब्द मोडणे वैयाकरणाला तरी शोभत नाही, असेही तो म्हणाला.

मुनींनी चरीतले पाणी ओंजळीत घेतले. जिभेवर वाक्य सिद्ध होते: या गंधर्वाचे मस्तक शतधा फुटो. पण क्रोध इतका होता की सगळे वाक्य एकदम तोंडाशी आले आणि तोंडातून शेवटचेच पद बाहेर पडले.

"फुटो," असे ओरडून त्यांनी पाणी सोडले.

त्या युगात उच्चारलेला शब्द रिकामा परतत नसे. पण कोण फुटो, काय फुटो, हे सांगणारा कर्ता मागे राहून गेला होता. निघालेली क्रिया क्षणभर हवेत थरथरत आपला कर्ता शोधीत राहिली, आणि फुटण्यासारखे जे अगदी जवळ दिसले त्यावर जाऊन पडली. चारुगंधाच्या मुठीतली बोंडे ताडताड फुटली. साल उलटी वळली, बी वीसवीस हात उडाले, त्याच्या डोळ्यांत गेले, त्या सुगंधी केसांत अडकले. आणि मग चरीच्या काठावरचे प्रत्येक बोंड, एकामागून एक, कोणी हात न लावता फुटत गेले. एक लाही फुटते तशी पन्नास बोंडे फुटली आणि सारे शांत झाले. काठावर एकही भरले बोंड राहिले नाही.

चारुगंध आधी घाबरून खाली बसला होता. डोके जागेवर आहे असे कळल्यावर तो उठला आणि केस झटकू लागला.

"मुनिवर," तो म्हणाला, "शाप दिलात की शेंगा सोलल्यात?"

तो निघून गेला. मग अमोघा मुनींकडे वळली.

"अकरा वर्षे धातू घोटलेत आणि वेळेला कर्ता विसरलात. ती बोंडे मी दातांनी सोलणार होते. बी फडक्यात बांधून ठेवणार होते. आता ते या कातळावर कोठे कोठे गेले, ते मी या हातांनी वेचू? माझ्या मरणाचा मला राग नाही. पण ते तुमच्या रागापायी यावे, याचा मात्र मला राग आहे."

 दुसऱ्या दिवशी मुनींनी कुदळ घेतली. नंदनवनाची शंभर झाडे त्यांनी एकट्याने उपटली; शिष्यांना हात लावू दिला नाही. झाडे तोडली तरी कोमेजत नव्हती, जाळली तरी जळत नव्हती. फरफटत नेऊन ती त्यांनी कड्यावरून लोटून दिली, आणि प्रत्येक झाडामागे एक शिवी दिली, जी त्यांच्या धातुसंग्रहात नव्हती. मग ते गुडघ्यांवर बसून बी शोधू लागले. मोहरीपेक्षा थोडे मोठे, मातीच्याच रंगाचे ते बी. थंडीभर रांगून त्यांना अकरा सापडले. आपण अकरा वर्षांचे मूर्ख आहोत म्हणून देवाने बरोबर तेवढेच दाखवले, असे त्यांना वाटले.

ती अकरा बीजे हाच आता अमोघेचा प्राण होता. तेव्हा मुनींनी ती लावण्यात कसलीच कसूर ठेवली नाही. वाफा खणला, माती चाळली, शेणखत घातले, काट्यांचे कुंपण केले. पाऊस पडत असतानाही जमीन आत कोरडी राहिली असेल या शंकेने ते वरून पाणी घालीत. अंकुर आला की नाही हे पाहायला रोज माती उकरीत आणि पुन्हा झाकीत. अमोघा दारात बसून पाहत असे. "टाका आणि विसरा," असे तिने त्यांना दोनदा सांगितले. विसरणे ही एकच विद्या त्यांना येत नव्हती. आषाढाच्या मध्याला त्यांनी शेवटची माती उकरली तेव्हा अकरापैकी अकरा बीजे कुजून मऊ झालेली होती.

ते कुंपणाजवळ उभे राहिले.  मग त्यांनी ते कुंपण उचकटले, काटे हातांत घुसले तरी उचकटले आणि पठारावर भिरकावले. काटे जेथे पडले तेथे त्यांची नजर गेली.

उपटलेल्या झाडांच्या खड्ड्यांत, कातळाच्या भेगांत, यज्ञशाळेच्या पायरीच्या सांध्यात, शिष्यांच्या वाटेवर, चरीच्या दोन्ही काठांना करवतीच्या कडांची ती पाने उभी होती. मुनींनी शोधताना ज्या जागा दहादा तपासल्या होत्या, तेथेही होती. वितभर जागेतले तेरडे अर्ध्या पठारावर पसरले होते. कोणी खणले नव्हते, कोणी शिंपले नव्हते. मुनी त्यांच्यामधून चालू लागले आणि पाय कोठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून एका पायावर तसेच उभे राहिले.

"हलू नका," दारातून अमोघा म्हणाली. "आणि कृपा करून त्यांना पाणी घालू नका."

श्रावणात फुले आली. पहिली माशी आली त्या सकाळी मुनींचा षड्ज लागला, आणि ते पाठ सोडून ऐकत बसले. कड्यात एकच मोहोळ धरले गेले, तेही लहान. भाद्रपद शुद्ध दशमीला मुनी स्वतः वेलींच्या दोराने कड्यावरून उतरले. माश्यांनी त्यांना सतरा जागी दंश केला. वर आल्यावर सुजलेल्या तोंडाने ते म्हणाले की रागावण्याचा माश्यांना अधिकार आहे. मध मिळाला तो बरोबर पळीभर.

अमोघेचा आता अंगठा तेवढा बाहेर होता.

पौर्णिमेच्या पहाटे, पूर्व दिशेला केशराची रेघ उमटताच, अश्विनीकुमार उतरले. जुळे असल्यामुळे एकाने आरंभलेले वाक्य दुसरा पुरे करी. त्यांनी पठाराकडे पाहिले आणि त्यांचे घोडे आनंदाने फुरफुरले. मुनींनी पळी पुढे केली. तेवढ्यात मागून सुगंध आला. चारुगंध आला होता, आणि या वेळी तो हसत नव्हता. कड्याखाली पडलेली आपली शंभर झाडे त्याने पाहिली होती.

"देवहो, हा मध स्वीकारू नका," तो म्हणाला. "ही झाडे शापातून उगवलेली आहेत. शापित वस्तूची आहुती देवांना चालत नाही. या ब्राह्मणाने माझ्यादेखत पाणी सोडून 'फुटो' म्हटले. त्यालाच विचारा, त्याच्या संग्रहात या शब्दाचा अर्थ काय आहे. आणि ते वरदान होते की शाप, हेही विचारा."

अश्विनीकुमारांनी मुनींकडे पाहिले. कृतयुगात फुटणे या शब्दाला एकच अर्थ होता, आणि तो मुनींनी स्वतः निश्चित केला होता. समोर पठारभर दुसरा अर्थ उभा होता, फुललेला, माश्यांनी भरलेला. आपल्या मनात उमलण्याचाच अर्थ होता, एवढे म्हटले की काम झाले असते. कोणालाही ते खोटे ठरवता आले नसते. मुनींनी अमोघेच्या मिटलेल्या मुठींकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच त्यांना कसलीही शंका नव्हती, आणि ती असती तर बरे झाले असते असे त्यांना वाटले.

"फुटणे म्हणजे तुकडे होणे," ते म्हणाले. "दुसरा अर्थ मी लिहिलेला नाही. मी या गंधर्वाला मारायला निघालो होतो. तो शापच होता. त्यात कर्ता राहिला, तो माझ्या रागामुळे. यात माझे पुण्य काडीचेही नाही. मध तुमच्यापुढे आहे. नाकारायचा असेल तर मला नाकारा. तिने काही केलेले नाही."



"ऋषे, शब्द बोलणारा देतो," एक अश्विनीकुमार म्हणाला.

"आणि अर्थ ऐकणारा देतो," दुसऱ्याने पुरे केले. "तू तुकडे हो म्हणालास. या झाडाने ते ऐकले आणि आपल्या परीने केले. साल फुटली, अंकुर फुटला. जो आपल्या रागाला राग म्हणतो त्याच्या हातचे आम्ही खातो."

दोघांनी एकाच पळीला ओठ लावले. मग एकाने अमोघेचा उजवा हात धरला आणि दुसऱ्याने डावा. वाळकी पाने पावसात सैल होतात तशी तिची बोटे एकेक करून उघडली. मुठीत तिच्याच नखांच्या खुणा रुतलेल्या होत्या. तिने तळवे उलटसुलट करून पाहिले आणि हात कोठे ठेवावे हे न कळून ते तसेच हवेत धरून राहिली.

चारुगंधाला हे सहन झाले नाही. तो पाय आपटीत अंगणाबाहेर गेला आणि दोन्ही हातांनी तेरडे उपटू लागला. देवांनी मान्य केले तरी हे तणच आहे, असे तो ओरडत होता, आणि उपटलेले मागे भिरकावीत होता. श्रावणारंभीच्या फुलांची बोंडे तोवर भरली होती.

मुनी ओंजळ भरायला धावले.

"तुम्ही थांबा," अमोघा म्हणाली. "तुमचे कर्ते हरवतात."

तिने आपल्या मोकळ्या झालेल्या ओंजळीत पाणी घेतले. बारा वर्षांत प्रथमच त्या हातांतून एक थेंबही गळला नाही. ती बोलली ते सावकाश, एकेक पद जागेवर ठेवीत.

"या फुलाला जो तण म्हणेल आणि तुच्छतेने उपटील, तो मनुष्य असो, गंधर्व असो की देव असो, त्याचाच हात याचे बी पेरील. तो जितके उपटील त्याच्या चौपट त्याच्या मागे उगवेल. आणि त्याच्या रागावाचून यांना दुसरे काही खत लागणार नाही."

पाणी सुटले. चारुगंधाच्या मुठीत बोंडे ताडताड फुटू लागली. त्याने हात झटकले, तर बी आणखी दूर गेले. तो पळू लागला, तर त्याच्या उत्तरीयाला चिकटलेली बोंडे पावलोपावली फुटत राहिली. आणि तो पूर्वेच्या वाटेने जेथे जेथे पळाला, घाटातून, ओढ्याकाठाने, गावांच्या वेशींवरून, तेथे तेथे पुढच्या पावसाळ्यात तेरडे उभे राहिले. स्वर्गाच्या दारापाशी त्याने केस विंचरले, तेव्हा शेवटचे बी खाली पडले म्हणतात. म्हणून नंदनवनात तेरडा नाही आणि सह्याद्रीत मात्र अशी जागा नाही जेथे तो नाही.

सत्र संपले तेव्हा मुनींनी आपला संग्रह पुन्हा उघडला आणि फुटणे या शब्दापुढे दुसरा अर्थ लिहिला. तो बरोबर आहे ना, हे त्यांनी अमोघेला तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी ती चिडली. तेव्हापासून आपल्या भाषेत मडके फुटते आणि पालवीही फुटते. रागाने डोके फुटते आणि त्याच शब्दाने कोंबही फुटतो. अमोघेच्या उघडलेल्या हातांची आठवण म्हणून भाद्रपदात घरोघरच्या बायका तेरड्याची रोपे मुळांसकट, हळुवार हातांनी उपटून आणतात आणि गौर म्हणून पाटावर बसवतात. तुच्छतेने नव्हे, मानाने उपटलेल्या तेवढ्या रोपांना तो शाप लागत नाही.

बाकी शाप जसाच्या तसा आहे. भरल्या बोंडाला बोट लावा. ते बोटाखाली दचकते, उलटे वळते आणि फुटते. तो धातुश्रवा मुनींचा राग आहे, अजून निवलेला नाही. आणि रागावून कोणी अंगण साफ करायला निघाला, शिव्या देत दोन्ही हातांनी उपटू लागला, की तो काय करीत आहे हे त्याला कळत नाही. पुढच्या पावसाळ्यात कळते.